जुन्या देवळाला सिमेंट चालत नाही

जीर्णोद्धाराचा निधी मंजूर झाला की खानदेशातल्या बहुतेक गावांत देवळापुढे पहिल्यांदा येऊन उभा राहतो तो सिमेंटच्या पोत्यांचा ट्रॅक्टर. मागोमाग व्हिट्रिफाइड टाइल्सच्या पेट्या येतात आणि शेवटी तैलरंगाचे डबे. काम झपाट्यानं उरकतं, फलक लागतो, महाप्रसाद होतो. आणि आठशे-नऊशे वर्षं ज्या देवळानं पाऊस, भूकंपाचे धक्के, स्वाऱ्या सोसल्या, त्याच्या भिंतींना पुढच्या दहा-पंधरा पावसाळ्यांत असे रोग लागतात जे आधी कधी नव्हते.

म्हणून मागणी सरळ आहे. दगड-चुन्याच्या कोणत्याही जुन्या प्रार्थनास्थळावर, मग ते देऊळ असो, मशीद असो, मठ असो, सार्वजनिक पैशातून सिमेंट, तैलरंग आणि टाइल्स लावण्यास बंदी हवी. आणि पाहणी, नोंद व आराखडा झाल्याशिवाय त्या कामाचा पहिला हप्ताही सुटता कामा नये. ही मागणी सौंदर्यदृष्टीच्या हौसेपोटी नाही. हा बांधकामाचा हिशेब आहे.

आपल्याकडे काय आहे हे आधी नीट लक्षात घेऊ. चाळीसगावजवळच्या वाघळीत शके ९९१ चा, म्हणजे इसवी सन १०६९ चा शिलालेख आहे. साक्री तालुक्यात बळसाण्याला एकाच गावात देवळांचा आख्खा समूह आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चाळीसगावजवळच पाटणादेवीच्या जंगलात निकुंभ या स्थानिक राजघराण्याच्या काळातली देवळं आहेत आणि तिथेच शके ११२८ चा तो प्रसिद्ध लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला काय काय दान मिळालं याची ती नोंद. लेख बहुतांश संस्कृतात, पण दानाचा तपशील आला की भाषा बदलते: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’. या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला. आठशे वर्षांपूर्वीच्या बाजारातली मराठी दगडावर जशीच्या तशी उभी आहे. १८६५ च्या सुमारास संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला तेव्हा तो वाचता आला, कारण त्यावर कुणी रंगाचा हात मारलेला नव्हता.

बऱ्हाणपूर आजच्या नकाशात मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशची ती राजधानी. तिथली जामा मशीद राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकीनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. दर्शनी बाजूला पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार, वर घुमट नाही. आत किब्ल्याच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीवर अरबी लेखांच्या जोडीला संस्कृत लेख आहे, शके १५११, संवत १६४६ चा. त्याची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून होते आणि पुढे फारुकींची वंशावळ येते. अशीरगड घेतल्यावर १६०१ मध्ये अकबराच्या माणसांनी कोरलेला लेखही याच मशिदीवर आहे. खानदेशचा इतिहास असा भिंतींवर लिहिलेला आहे. भिंत बिघडली की पानंच गेली.

आता ही देवळं उभी कशी राहिली ते पाहू, कारण चूक नेमकी तिथेच होते. यादवकाळातलं खानदेशी देऊळ बहुधा काळ्या पाषाणाचं, घडीव चिऱ्यांचं आणि चुन्याशिवाय रचलेलं असतं. चिरा चिऱ्यावर बसतो तो वजनानं आणि खाच-कुसवानं. भिंतीला बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे दगडांचे तुकडे, माती, कधी चुना यांची भर. छताला कमान नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कोपरे कापत जाणाऱ्या शिळा, प्रत्येक थर आत सरकत मधला चौक लहान करत नेतो आणि शेवटी एकच कमळाची शिळा तोंड झाकते. सगळा भार सरळ खाली. दगड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चा, हे देवळं रचणाऱ्या त्या सूत्रधारांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तुळयांचा गाळा ते लहान ठेवत.

या रचनेत सांध्यांना थोडी मोकळीक असते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापणारा दगड रात्री आकसतो, जोत्याखालची जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्या हालचाली सांध्यांमध्ये जिरतात. भिंतीत शिरलेलं पाणीही सांध्यांतूनच वाफ होऊन बाहेर पडतं. अशा सांध्यात सिमेंटचा दर्जा, म्हणजे सांधा बुजवणारा माल, भरला की दोन्ही वाटा बंद होतात. सिमेंट कडक असतं, वाकत नाही, श्वास घेऊ देत नाही. पाणी पोटातल्या भरीत साठतं, तिथली माती आणि क्षार घेऊन बाहेर यायला बघतं आणि सांधा बंद म्हणून दगडाच्या अंगातून वाट काढतं. पृष्ठभागाशी पाणी सुकतं, क्षारांचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि दगडाची कड पापुद्र्यानं सुटू लागते. यालाच लोणा लागणं म्हणतात. घट्ट पाषाण हे बराच काळ सोसतो. पण आपल्याकडचा सगळा पाषाण घट्ट नाही. पांढरे किंवा हिरवट ठिपके भरलेला छिद्रांचा दगड याच देवळांत जागोजाग वापरलेला आहे आणि तो आधी झडतो. नक्षी बहुतेक वेळा अशाच मऊ दगडावर असते, कारण छिन्नीला तो सोपा.

सिमेंट बाहेरून मजबूत दिसतं, म्हणून विश्वस्तांना ते पटतं. पण सांधा दगडापेक्षा नेहमी दुबळा हवा. झिजायचं असेल तर सांध्यानं झिजावं. तो पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा भरता येतो, झडलेली द्वारशाखा, म्हणजे दाराची कोरीव चौकट, पुन्हा आणता येत नाही.

फरशीचं प्रकरण याहून नुकसानकारक आहे आणि त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. जुन्या फरसबंदीवर सिमेंटचा माल आणि त्यावर टाइल, असे आठ-दहा सेंटिमीटर सहज चढतात. तेवढ्यानं खांबांच्या तळाचं कोरीव काम गाडलं जातं, दारापुढची चंद्रशिला अर्धी बुडते, उंबरा लहान होतो. गर्भगृहात याचा फटका फार वाईट बसतो. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी प्रणाल जुन्या जमिनीच्या पातळीशी जुळवलेली असते. जमीन वर आली की उतार उलटतो, पाणी कोपऱ्यात साचतं आणि भिंतीच्या तळाशी मुरतं. पूर्वी जमिनीतली ओल दगडी फरशीच्या सांध्यांतून वर येऊन सुकत असे. टाइलनं ते झाकण बंद केल्यावर तीच ओल भिंतीत चढते. मग ‘भिंतींना ओल येते’ म्हणून भिंतींनाही टाइल्स लावल्या जातात. एका चुकीनं दुसरी चूक ओढून आणलेली असते, आणि दोन्हींची बिलं निघालेली असतात.

त्यात खानदेशची काळी माती. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची ही जमीन ओली झाली की फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. जोत्याभोवती वर्षभर एकसारखी ओल किंवा एकसारखं कोरडेपण राहिलं तर इमारतीला धोका कमी. एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं की जोतं एकीकडे उचललं जातं, एकीकडे बसतं. सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंतीला लागून हिरवळ, कारंजं, झाडांचे वाफे करतात आणि त्यांना रोज पाणी घालतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. देवळापुढच्या पत्र्याच्या मंडपाचं पाणी पन्हाळीविना थेट जोत्यावर ओतणंही तसंच. जोत्यापासून किमान तीन मीटर अंतरात पाणी घालायचं झाड नको, आणि मंडपाचं पाणी नळीनं लांब नेलं पाहिजे. मंडपाच्या खांबांसाठी जुन्या जोत्याला चिकटून दीड मीटरचे खड्डे खणणं तर ताबडतोब थांबवायला हवं. पायाखालची माती त्या खड्ड्यात सरकते.

शहरांत आणखी एक गोष्ट होते. दरवेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, जुना खरवडत नाहीत. काही दशकांत रस्ता वर आणि देऊळ खाली. चार पायऱ्या चढून जायचं तिथे दोन पायऱ्या उतरावं लागतं आणि पहिल्या मोठ्या सरीला गल्लीचं पाणी आत. हा दोष देवळाचा नसतो, त्याचा इलाजही देवळात नाही. तो नगरपालिकेच्या रस्त्याच्या कंत्राटात आहे: जुना थर काढूनच नवा टाका, एवढं एक कलम त्यात हवं.

छत गळतं म्हणून वर स्लॅब टाकतात. एक साधा हिशेब करा. सहा मीटर बाय सहा मीटरच्या सभामंडपावर बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकला, तर काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच हजार किलो धरून दर चौरस मीटरला तीनशे किलो येतं. एकूण दहा हजार आठशे किलो. हे जवळजवळ अकरा टन ज्या दगडी तुळयांवर पडतात, त्या ताणाला कच्च्या असतात. एखाद्या तुळईला मधोमध केसाएवढी चीर आधीच असते. स्लॅबनं गळती थांबतेच असंही नाही, कारण पाणी बहुतेक वेळा शिखर आणि मंडपाच्या सांध्यातून येतं. योग्य रीत अशी की वर साचलेली माती, जुनी डागडुजी, मेलेला कोबा आधी उतरवून वजन कमी करायचं. मग विटांचे तुकडे, वाळू आणि चुना यांचा नवा कोबा घालायचा, साठाला एक असा उतार ठेवायचा आणि गूळ-बेलफळाचं पाणी शिंपडत तो लाकडी थापीनं काही दिवस सलग ठोकायचा. शिखरावर पिंपळ-उंबर उगवला असेल तर ओढून काढू नका. मूळ चिऱ्यामागे गेलेलं असतं, ओढलं की चिरा सुटतो. बुंधा कापून मूळ जागीच मारायचं, सुकू द्यायचं आणि मग पोकळी चुन्यानं भरायची.

मशिदीचा विषय इथे वेगळा होतो. कमान भार सरळ खाली सोडत नाही, बाजूला रेटते. ओळीतली प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला आधार देते आणि शेवटचा रेटा टोकाच्या जड भिंतीवर जातो. म्हणून टोकाच्या भिंतीत दुकानासाठी, जिन्यासाठी, वजूखान्याच्या दारासाठी नवं भोक पाडणं म्हणजे सगळ्या ओळीचा आधार काढणं. कमानीच्या माथ्याशी पडलेली चीर ही बहुधा त्या रेट्याचीच खूण. ती सिमेंटनं बुजवली की खूण दिसेनाशी होते, रेटा तसाच राहतो. आधी चिरेवर तीन मिलिमीटर जाडीची काचेची पट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी चिकटवायची, तारीख लिहायची आणि एक पूर्ण पावसाळा थांबायचं. काच फुटली तर चीर चालू आहे, इंजिनियरला बोलवा. काच शाबूत राहिली तर चीर जुनी आणि शांत आहे, पातळ चुना पाजून ती भरता येते. या उपायाला वीस-तीस रुपये लागतात. तो कुठल्याच अंदाजपत्रकात का नसतो, हे समजत नाही.

रंगाबद्दल. मूर्तीचा शेंदूर हा पूजेचा भाग आहे, त्याला इथे हरकत नाही. हरकत आहे ती खांब, तुळया, कीर्तिमुख, द्वारशाखा यांना सोनेरी, गुलाबी, निळा तैलरंग देण्याला. तो रंग पापुद्रा धरतो, खालची ओल कोंडतो, दोन-तीन वर्षांत फुगतो, मग त्यावर दुसरा थर. पाच-सहा थरांखाली पाकळीचा कोपरा आणि अप्सरेचा डोळा दोन्ही सपाट होतात. लेख असेल तर अक्षरांच्या खाचा भरून जातात. त्याहून मोठं नुकसान होतं ते रंग काढताना. वाळूचा मारा आणि तारेचा ब्रश रंगाबरोबर दगडाची घडाईही घेऊन जातात. दाबाच्या पाण्यानं सांध्यांतली भर धुऊन निघते. तैलरंग द्रावकात भिजवलेल्या लगद्यानं, तळहाताएवढ्या तुकड्यावर आधी परीक्षा घेऊन, जाणकार रसायनज्ञाच्या हातूनच काढायचा असतो. तेवढा पैसा नसेल तर रंग तसाच ठेवा. त्यानं देऊळ कुरूप दिसेल, पण टिकेल.

मग चुन्याचं काम कसं करायचं? कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना ताज्या भट्टीचा, खड्यांच्या रूपात घ्यावा. दुकानात महिनोन्‌महिने पडलेली चुन्याची पावडर हवेनं आधीच मेलेली असते, तिच्यात पकड नसते, आणि ‘चुना धरतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथून येते. टाकीत आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना सोडायचा, उलट कधीच करायचं नाही. तो उकळतो, उडतो, डोळा जातो, म्हणून चष्मा हवाच. विझल्यावर बारीक जाळीतून गाळायचा. न विझलेला खडा आत राहिला तर महिन्यांनी गिलाव्यात फुगून फोड उडवतो. गाळलेला चुना पाण्याखाली किमान एक महिना मुरू द्यायचा, जितका जास्त तितका लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग धुतलेली नदीची वाळू, असं प्रमाण ओलीच्या जागेला चालतं. सुरखी नीट भाजलेल्या विटेची हवी, करपून काळी पडलेली वीट नको, तिच्यात चुन्याशी जुळण्याचा गुण उरत नाही. हे सगळं चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरवून माल मळायच्या चरात, मळायचं.

सांधा हातछिन्नीनं वीस-पंचवीस मिलिमीटर खोल मोकळा करायचा, ग्राइंडर लावायचा नाही, कारण त्याची पाती चिऱ्याची कड खाते. जुनं सिमेंट सहज सुटत असेल तेवढंच काढा. जिथे ते दगडाला धरून बसलंय तिथे ओढाताण केली तर दगडच तुटतो, ते राहू द्यावं. सांधा धुऊन ओला करायचा, माल दहा-बारा मिलिमीटरच्या थरांनी दाबत भरायचा, चिऱ्याच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा. वर ओलं गोणपाट, सात ते दहा दिवस. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि त्याला त्या काळात ओल लागते. एप्रिल-मे महिन्यात खानदेशात हे काम केलं तर माल दोन तासांत वाळून भुकटी होतो. जुलैत केलं तर धुऊन जातो. दसऱ्यापासून माघापर्यंतचे महिने या कामाचे.

आणि खरी अडचण इथे आहे. निधी येतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि खर्च दाखवायचा असतो ३१ मार्चपर्यंत. आमदार निधी असो, जिल्हा नियोजनातला ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा निधी असो, तीच घाई. महिनाभर मुरणारा चुना या कॅलेंडरात बसत नाही, सिमेंट बसतं. अंदाजपत्रक करणाऱ्याला सिमेंटची बाब सवयीची, सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्याला तर तीच. त्यामुळे गावच्या विश्वस्तांना अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. ते मनापासून देवाचं काम करतात, व्यवस्था त्यांच्या हाती चुकीचं साहित्य देते.

केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली जी स्मारकं संरक्षित आहेत, तिथे निदान परवानगी तरी लागते. पण खानदेशातली बरीच जुनी देवळं, दर्गे, समाध्या, बारवा कुठल्याच यादीत नाहीत. तिथे विश्वस्तांचा ठराव हाच शेवटचा शब्द. सगळ्यांना संरक्षित करा म्हणणं सोपं आहे, पण भोवतालच्या शंभर मीटरांत बांधकामबंदी येईल या धास्तीनं गावं यादीत जायलाच घाबरतात, आणि गावठाणात राहणाऱ्याची ती भीती खोटी नाही. म्हणून निधीला अट घालणं हा जास्त व्यवहार्य मार्ग. यादीत असो-नसो, सरकारी पैसा हवा तर या रीतीनं काम करा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की देऊळ म्हणजे संग्रहालय नव्हे, देव नांदता आहे, भाविकांना सोय हवी. बरोबर आहे. म्हाताऱ्यांना कठडा हवा, उतार हवा, चपला ठेवायला जागा, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, रात्री दिवे हवेत. हे सगळं जुन्या भिंतीला हात न लावता, आवाराच्या कडेला करता येतं. दिव्याची वायर दगडाला भोक न पाडता सांध्यातून किंवा वेगळ्या खांबावरून नेता येते. दुसरा आक्षेप: जीर्णोद्धार ही परंपराच आहे, अहिल्याबाईंनीही जुनी देवळं बांधून काढली. तेही खरं. पण त्या कामांत दगडाला दगड आणि चुन्याला चुना जोडला गेला, म्हणून ती आजही उभी आहेत. परंपरेचा दाखला द्यायचा तर साहित्यासकट द्यावा.

नोंदीचं काम तर गावातली पोरं करू शकतात. प्रत्येक भिंतीचा समोरून, पट्टी ठेवून फोटो. एकास पन्नास प्रमाणात तळाचा आराखडा. सुट्या चिऱ्यांना मागच्या बाजूला क्रमांक. लेखाचा फोटो रात्री काढावा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकावा, झिजलेली अक्षरं सावलीनं उठतात. खडू, पावडर, तेल काहीही अक्षरांवर चोळू नये. या नोंदीची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे गेली तर वाचणारेही मिळतील.

जिल्हा नियोजन समितीनं यासाठी नवा पैसा शोधायची गरज नाही, आहे तो दोन वर्षांत विभागून द्यावा. पहिल्या वर्षी पाहणी, नोंद, काचेच्या पट्ट्या आणि पाण्याचा निचरा. दुसऱ्या वर्षी चुना आणि दगड. गुढीपाडव्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव झाला, ज्येष्ठात चुना टाकीत पडला, तर दसऱ्याला गवंड्याच्या हातात चार महिने मुरलेला माल असतो आणि पुढच्या मार्चपर्यंत भिंतींचं काम सावकाश पुरं होतं.